जिवलग होऊ पाहणारे काका

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण चार बुकं शिकलो म्हणून वडीलधाऱ्या माणसाची टिंगल लिहून काढायचा मला काय अधिकार, असं राहून राहून वाटतं. क्षमा असावी. पण माझ्या मित्राच्या, चिन्मयच्या, बाबांइतका पोराला चिकटू पाहणारा बाप अख्ख्या चेन्नईत नसेल.

काका इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतात. तीच नजर ते घरी घेऊन यायचे. चिन्मयचा नवा मित्र दारात आला की चपलांपासून केसांपर्यंत मोजमाप, आणि निकाल जागच्या जागी: पास, दुरुस्ती किंवा बाद. मी दुरुस्तीत होतो. "पोरगं बरं आहे, पण बोलताना खाली बघतं," असं ते माझ्यादेखत काकूंना म्हणाले, आणि मी अर्थातच खाली बघितलं.

दहा वर्षांचा चिन्मय शाळेतली भांडणंसुद्धा म्हणे त्यांना येऊन सांगायचा. चौदाव्या वर्षी त्याने खोलीचं दार लावून घेतलं, आणि आत आम्ही तमिळमध्ये बोलू लागलो. काका मूळचे साताऱ्याचे. त्यांचं तमिळ मशीन बंद करायला सांगण्यापुरतं. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. काकांनी शिकवणी लावली! वर्षभर मुळाक्षरं गिरवली, आणि एका रविवारी कच्च्या केळ्यांची भजी घेऊन ते आत आले ते थेट तमिळमध्ये आमच्या गप्पांत घुसले. चिन्मय एवढंच म्हणाला, "बाबा, प्लीज." त्या दिवसापासून आम्ही एकाच पलंगावर बसून एकमेकांना मेसेज करू लागलो.

चिन्मय शिकायला कोइंबतूरला गेला, तेव्हा काकांनी मला धरलं. "काय म्हणतायत आमचे साहेब?"

"मजेत आहे, काका."

"ते मलाही सांगतो रे. खरं काय ते बोल."

खरं मला तरी कुठे ठाऊक होतं? आमचे मेसेज वाढदिवसापुरते उरले होते. ते कबूल करवत नसे, म्हणून मी थोडं थोडं रचून सांगायचो.

गेल्या आठवड्यात काका बसस्टॉपवर भेटले. चेहरा असा, जणू पोराचा पहिला नंबर आलाय. "दोन विषय उडाले त्याचे! तासभर रडला फोनवर. म्हणाला, बाबा, अजून कुणालाच सांगितलेलं नाही." मग स्वतःच्याच आनंदाने ओशाळून ते घाईघाईने म्हणाले, "वाईटच झालं म्हणा. मी बोललो हे त्याला कळू देऊ नकोस हं."

चिन्मयची बातमी मला त्याच्या बाबांकडून कळायची ही पहिलीच वेळ.