मध बरोबर आहे

मिक्का नेहमी म्हणायची की अथेनादेवीच्या सेवेत दोन बायका आहेत. एक पुजारीणबाई, त्यांना लोक ओळखतात. दुसरी ती स्वतः, तिच्या हातचं खाल्लं जातं.

तिचं काम महिन्यातून एकदाच यायचं. गडावरच्या जुन्या देवळात, एका कपारीत, देवीचा राखणदार साप राहतो. त्याला दर महिन्याला जवाच्या पिठाचा मधाचा रोट लागतो. साप प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. पुजारीणबाई संध्याकाळी रोट कपारीपाशी ठेवत आणि सकाळी तो नसे. यावरून साप आहे हे सिद्ध होई. साप आहे यावरून देवी घरात आहे हे सिद्ध होई. आणि देवी घरात आहे यावरून आम्ही अथेन्सचे लोक बाकीच्या ग्रीकांपेक्षा शहाणे आहोत, हेही.

रोट भाजताना मिक्का त्याच पिठाचा एक लहान रोट करायची. तो लाम्पोनसाठी. लाम्पोन तिचा नवरा, सुतार. तो तुकडा तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मध बरोबर आहे." एवढं म्हटल्याशिवाय मोठा रोट घराबाहेर पडत नसे. मी त्यांचा शेजारी, आणि आमच्या दोन घरांमधली भिंत मातीची आणि पातळ होती. त्यामुळे ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की देवीच्या स्तोत्राचाच तो भाग असावा असं मला वाटत आलं.

लाम्पोनचं देवीशी वेगळं नातं होतं. दहा वर्षांपूर्वी मॅरेथॉनच्या लढाईत त्याच्या मांडीत बाण घुसला, तेव्हा देवी ढाल घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली असं तो सांगायचा. पहिल्या वर्षी ती त्याच्याएवढी उंच होती. पुढे घराएवढी झाली. मी शेजारी राहायला आलो तोवर तिच्या शिरस्त्राणाचा तुरा ढगात गेला होता. तो लंगडत चालायचा, पण त्या पायाबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. देवी मध्ये पडली नसती तर पाय दुखायला मी तरी कुठे असतो, म्हणायचा.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी पर्शियन पुन्हा आले. थर्मोपिलीची खिंड पडली, मग मध्ये अडवायला कोणी उरलं नाही. सभेने ठराव केला: बायका, पोरं, म्हातारे सालामिस बेटावर नाहीतर पलीकडच्या किनाऱ्यावर जातील, धडधाकट पुरुष जहाजांवर. ठराव झाला, पण लोक हलेनात. शेत कसं सोडायचं, शेळ्या कुठे न्यायच्या, आणि देवीचं काय?

या सगळ्यात महिन्याचा रोट आला आणि बाजारात मध नव्हता. टिकणारी वस्तू म्हणून लोकांनी प्रवासासाठी बुधले भरून घेतले होते. मिक्का चार दारं फिरली. शेवटी तिने अंजिराचा दाट पाक काढला आणि त्यात पीठ मळलं. मला जहाजावर वल्हं मिळालं होतं, म्हणून मी अंगणात बाकावर घालायची कातड्याची गादी शिवत बसलो होतो. लाम्पोनने लहान रोट खाल्ला. मी कान देऊन ऐकत होतो. तो काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पुजारीणबाईंनी गडाच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं, की रोट जसाच्या तसा आहे. देवी गेली.

ठरावाने जे झालं नव्हतं ते रोटाने केलं. दुपारपर्यंत फालेरोन बंदराचा रस्ता गाड्यांनी आणि रडण्याने भरला. मिक्काने घागरी, पांघरुणं, जातं एकत्र बांधलं, मग जातं सोडलं. ती विहिरीवरून परत आली तेव्हा लाम्पोन घराचं दार बिजागरीतून उपसत होता.

"दार कशाला?" ती म्हणाली. "बोटीत माणसांना जागा नाही."

"बोटीत नाही. गडावर."

डेल्फीच्या देवळातून देववाणी आली होती, की लाकडी भिंत तेवढी टिकेल. बहुतेकांच्या मते ती भिंत म्हणजे जहाजं. काही म्हाताऱ्यांच्या मते ती भिंत म्हणजे भिंत. ते फळ्या आणि दारं वर वाहून नेत होते. सुताराला कोणता अर्थ पटेल हे विचारायला नको होतं.

"अरे माणसा, देवी गेली," मिक्का म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक आहे. रोट तसाच राहिला."

"तो रोट मीही खाल्लाय."

 मिक्का गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"अंजीर होतं त्यात," लाम्पोन म्हणाला. "सापाच्या जागी मी असतो तर मीही टाकला असता."

"तू तर सगळा खाल्लास."

"मी नवरा आहे. साप मोकळा आहे." त्याने दार भिंतीला टेकवलं. "ती घरातच आहे, मिक्का. उपाशी आहे. आणि तिला एकटीला सोडून सगळं गाव पळतंय. मॅरेथॉनला ती माझ्यापुढे उभी राहिली..."

"ढगाएवढी. ठाऊक आहे. मग तिला तुझं दार कुठे पुरणार?"

"चेष्टा नको. आणि जायचं कुठे, तर समुद्रावर? पोसायडनच्या घरी? या गावासाठी दोघं भांडली तेव्हा त्याने खाऱ्या पाण्याचा झरा दिला, हिने ऑलिव्हचं झाड दिलं. आपण हिला निवडलं. आता हरलेल्याच्या दारात बोचकं घेऊन उभं राहायचं?"

"पहिलं जहाज बांधायला कुणी शिकवलं? हिनेच. ट्रॉयच्या घोड्याला डोकं कुणाचं? हिचंच. लाकूड तिचंच आहे, माणसा, कुठलंही असो. नुसती कापाकापी हवी असेल तर युद्धदेव अरेस आहे की, त्याला तेवढंच येतं. ही आधी विचार करते, मग भाला उचलते."

"म्हणजे विचार करून पळाली?"

"विचार करून हलली."

"हलली नाही. तुझा रोट वाईट होता."

वीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं. तेही आता ठेवून झालं. मिक्का उंबऱ्यावर बसली. दार नसलेल्या चौकटीत ती बसलेली मला सरळ दिसत होती.

"मग मीही राहते," ती म्हणाली.

"तू जाणार आहेस."

"कशाला? देवी घरात आहे ना? मग भीती कसली?"

 लाम्पोन स्वतः मरायला तयार होता. पण बायको शेजारी उभी राहून मरेल हे त्याने हिशेबात धरलेलं नव्हतं. मिक्काने ते ओळखलं आणि लगेच पुढचं बोलली. "एक करू. मी खऱ्या मधाचा रोट करते. आधी तू चाख. तू बरोबर म्हणालास तरच वर जाईल. सापाने खाल्ला तर ती घरात आहे, आपण दोघं राहू. नाही खाल्ला तर दोघं बोटीत. घे शपथ."

"कुणाची?"

"तिचीच. आणखी कुणाची घेशील?"

त्याने घेतली. मग विचारलं, "मध कुठे आहे?"

मध हिमेट्टोसच्या डोंगरावर होता. मधपाळ पोळ्यांची मडकी तिथेच टाकून गेले होते. मिक्का निघाली तेव्हा सगळं गाव बंदराकडे उतरत होतं आणि ती एकटी डोंगराकडे चढत होती. मी तिला अडवलं. उत्तरेकडे पार्नेस डोंगराच्या मागून धूर उठत होता. तो कुणाच्या चुलीचा नव्हता.

"घोडेस्वार पुढे सुटले असतील, मिक्का."

"तू तुझं वल्हं सांभाळ," ती म्हणाली. "पोसायडनला सांग, आम्ही येऊही किंवा नाहीही."

दुपार कलली तरी ती आली नाही. लाम्पोन गल्लीत उभा होता, दार पाठीवर घेऊन. ते खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. गल्लीतलं शेवटचं कुटुंब कोंबड्या घेऊन गेलं. त्यातल्या म्हातारीने विचारलं, "दार विकायचंय का रे?" त्याने नाही म्हणून मान हलवली. धूर आता दोन ठिकाणी होता.

ती आली तेव्हा तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि ओठ जाड झाले होते. कमरेला बुधला होता. मधमाश्यांनी शहर सोडण्याचा ठराव केलेला नव्हता.

तिने एका डोळ्याने पीठ मळलं. वाईट काहीतरी त्यात मिसळणं सोपं होतं. चिमूटभर राख पुरली असती, आणि नवऱ्याचा जीव वाचला असता. पण आधी तो चाखणार होता. आणि तेही सोडा. तिने मला नंतर सांगितलं, की तो विचार आला तेव्हा हातच थांबला. त्या हाताला वाईट रोट करायचं पुन्हा एकदा जमेना.

लाम्पोनने लहान रोट तोंडात टाकला. डोळे मिटले.

"मध बरोबर आहे," तो म्हणाला.

पुजारीणबाई वर देवीची जुनी लाकडी मूर्ती कापडात गुंडाळत होत्या, सकाळच्या बोटीसाठी. मिक्काला पाहून त्या म्हणाल्या, "मिक्के, महिन्याचा रोट झाला. दुसरा नसतो."

"बाई, पहिल्यात अंजीर होतं."

पुजारीणबाईंचे हात थांबले. खाली रस्त्यावर त्यांच्या एका वाक्यावर हजारो माणसं निघाली होती. त्यांनी मिक्काकडे बराच वेळ पाहिलं.

"वारा आहे," त्या म्हणाल्या. "मला काही ऐकू आलं नाही. दे इकडे तो."

त्यांनी रोट कपारीपाशी ठेवला आणि परत मूर्तीकडे वळल्या.

सकाळी आम्ही तिघं वर गेलो. मिक्का, पाठीवर दार घेतलेला लाम्पोन, आणि मी. लाम्पोनचा मॅरेथॉनचा सोबती दिफिलोस आधीच वर राहायला गेला होता; तो प्रवेशद्वारात फळ्या ठोकत होता, त्या सोडून आमच्याबरोबर आला. मला उजाडताच जहाजावर हजर व्हायचं होतं. मी उशीर करत होतो. खाली शहरात कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती.

देवळाच्या पायरीवर मिक्का थांबली. आयुष्यभर तिने सकाळी एकच इच्छा धरली होती, की रोट संपलेला असावा. आज तो तसाच राहिलेला असायला हवा होता. तिचे ओठ हलत होते. ती काय मागत होती कोण जाणे. लाम्पोनच पुढे गेला.

रोट तिथेच होता. एका कडेला मुंग्या लागल्या होत्या. बाकी जसा ठेवला तसा.

 लाम्पोनने दार हळूच खाली ठेवलं आणि त्याच्यावरच बसला. त्याचा जीव वाचला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला तसं काहीही दिसलं नाही. मग मिक्का कपारीपाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि आत तोंड घालून ओरडली, "अगं, मध बरोबर आहे! बरोबर आहे गं!"

आतून थंड हवा आली, आणखी काही नाही.

लाम्पोन उठला. त्याने तिला खांद्याला धरून उठवलं. "चल," तो म्हणाला. "तुला सांगून गेली होती ती. मीच ऐकलं नाही."

"मला काही सांगितलं नव्हतं," मिक्का म्हणाली. "मी तुला नेण्यासाठी बोलत होते."

रोट त्याने मुंग्या झटकून फडक्यात बांधला. दार दिफिलोसला दिलं.

"तूही चल," लाम्पोन त्याला म्हणाला. "पाहिलंस ना."

"पाहिलं," दिफिलोस म्हणाला. तो दार कुठे बसेल याचा अंदाज घेत होता. "पण मला बोट लागते."

आम्ही उतरलो. फालेरोनला शेवटच्या बोटींपैकी एक मिळाली. मी माझ्या जहाजावर गेलो आणि उशिरासाठी शिव्या खाल्ल्या.

काही दिवसांनी सालामिसच्या किनाऱ्यावरून गडाचा धूर दिसला. फळ्यांमागच्या लोकांनी तोवर तग धरला होता. मग पर्शियन मागच्या कड्याने वर चढले, जिथे पहारा ठेवायची गरज कुणाला वाटली नव्हती. वर असलेल्यांपैकी कोणी उरलं नाही. लाम्पोन धुराकडे बघत वाळूत बसला होता. मिक्काने फडकं सोडलं. रोट दगडासारखा झाला होता. दोघांनी तो समुद्राच्या पाण्यात भिजवून खाल्ला. देवाला ठेवलेलं परत घ्यायचं नसतं. पण जिच्यासाठी ठेवलं होतं ती घरात नव्हती, आणि तिथे खायला दुसरं काही नव्हतं.

मग सामुद्रधुनीत लढाई झाली आणि आम्ही ती जिंकलो. मी दिवसभर पुढच्या माणसाची पाठ तेवढी पाहिली. पण संध्याकाळी किनाऱ्यावर प्रत्येकाने काहीतरी पाहिलेलं होतं. एक तरुण वल्हेकरी शपथेवर सांगत होता, की देवी जहाजांच्या वर उभी होती, हातात भाला, आणि तिने ओरडून विचारलं की मागे मागे काय सरकताय. तिचा तुरा, तो म्हणाला, ढगात होता.

सगळ्यांनी लाम्पोनकडे पाहिलं. या विषयात त्याचा शब्द शेवटचा मानला जायचा. 

"तिने काही खाल्लं का?" त्याने विचारलं.

मुलगा गोंधळला. लोक हसले. मिक्का हसली नाही. ती उठली, पदराची वाळू झटकली आणि या बेटावर मधमाश्या कोण पाळतं ते विचारत झोपड्यांच्या दिशेने निघून गेली.