दाखव बापा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात दर शनिवारी माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर अकोल्याच्या एक प्राध्यापिका बसत. विषय कपाशीवरची बोंडअळी. डेटाबेसमध्ये शब्द टाकला की पदराने चष्मा पुसत पडद्याला म्हणत, "दाखव बापा." आधी मला वैताग यायचा. मग कळलं, बोंडअळी कधीच सुटली होती. त्या नवऱ्याच्या आजारावरचे शोधनिबंध धुंडाळत होत्या. नवा उपचार दिसला की प्रिंट काढून डॉक्टरांकडे नेत.

दिवाळीनंतर त्यांचे यजमान वारले. महिन्याभराने बाई आल्या आणि त्याच आजाराचं नाव टाकलं.

"आता काहून पाहता, मॅडम?" मी विचारलं.

"माह्याकडून काही पाहाचं राहून गेलं काय, ते पाहून राहिली."

त्यांनी चष्मा पुसला. पडद्याला मात्र काहीच म्हणाल्या नाहीत.