भागिरथा सिस्टरचं मोजणं

"जगदेवकाका, शून्य मी मुद्दाम नाई म्हनली. तोंडातून निंघालं."

"निंघालं म्हन्ते. माह्या राशीचं पहिलं माप शून्यात घातलं तुनं. आमी इथं 'लाभ' म्हनतो. तुह्या फौजेत काय म्हनतात थे फौजेत म्हनजो."

"मंग वापस वततो पायली. पयल्यापासून मोजतो."

"वापस कायले?" जिच्या पदरात ती पायली पडली होती ती रंगूबाई मधातच बोलली. "शून्य म्हनलं त शून्य. मले एक पायली वर पडली त तुमचं काय दुखते, पाटील?"

खळ्यावरच्या बाया फिसकन हसल्या. जगदेव पाटील हसला नाही.

हे किन्हीराजा गावातलं खळं, सन चौऱ्याहत्तरचा डिसेंबर. सोंगणीची मजुरी ज्वारीत वाटायची होती, बाईमागं सहा पायल्या. माप भागिरथाच्या हातात पाटलानंच दिलं होतं. भागिरथा म्हणजे तुळसाबाई पडघानची लेक, फौजेच्या इस्पितळात नर्स, हुद्द्यानं लेफ्टनंट. तुळसाबाईला तरुणपणी याच राशीपासून चार हात लांब पदर पसरून उभं राहावं लागे. आता तिच्या लेकीच्या हातात पायली. पाटलानं मान म्हणून दिली की गंमत म्हणून, हे त्यालाच ठाऊक.

आमच्याकडं रास मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मापाला 'लाभ', मग दोन, तीन. भागिरथा आकडे शाळेत नाही शिकली, खळ्यावर शिकली, मायच्या मजुरीची मापं ध्यानात ठेवता ठेवता. मोजणं म्हणजे लाभ, दोन, तीन, हे जिभेला लागलं ते लागलं. नर्स झाल्यावरही रोग्याची नाडी, सलाइनचे थेंब, सगळं मनातल्या मनात लाभापासूनच.

आठ वर्षं हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. साध्या वॉर्डात नाडी चौऱ्यांशी की अठ्ठ्याऐंशी, कोण विचारतं? एकाहत्तरच्या लढाईत जखमींच्या रांगा लागल्या, तेव्हाही नाही आलं. तेव्हाचं तिचं काम पाहून पुढं तिला पुण्याला अतिदक्षता विभागाच्या कोर्सला पाठवलं. तिथं शिकवणारी मेजर मॅडम केरळची, कमी बोलणारी. तिनं महिनाभर पाहिलं आणि एक दिवस भागिरथाला बाजूला घेतलं.

"सिस्टर, तुमचे आकडे चारनं जास्त येतात. कधी तीननं नाही, कधी पाचनं नाही. चूक अशी शिस्तीत कशी होते?"

शोधलं तर एवढंच सापडलं. थेंब पंधरा सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचे. घड्याळाचा काटा धरताना जो थेंब पडतो तो मोजायचा नसतो, त्याच्या पुढच्याला एक म्हणायचं. भागिरथा त्या पहिल्यालाच लाभ म्हणून धरी. एक थेंब जास्त, गुणिले चार. सलाइन मिनिटाला साठ थेंबांवर लावलं असं तिला वाटे, तेव्हा पडत असत छप्पन्न. चोवीस तासांत पाऊण बाटलीच्या आसपास कमी. भाजलेल्या जवानाच्या अंगातलं पाणी झपाट्यानं जातं, त्याला पाऊण बाटली कमी म्हणजे जिवावरचं.

"मी शेवटी एक वजा करत जाईन," भागिरथा म्हणाली.

"धावपळीत वजाबाकी कोण करतं, सिस्टर? दोन जानेवारीला मी पुन्हा पाहीन. आकडा चुकला तर कोर्समधून नाव कमी होईल."

म्हणजे परत साधा वॉर्ड. भागिरथाला ते नको होतं. नाताळाच्या सुट्टीत घरी आली ती बॅग ठेवून आधी आढ्याला गडवा टांगायला लागली. गडव्यात पाणी, बुडाला भोक, भोकात कापसाची वात, खाली पातेलं. पहिला थेंब पडे, ती मनगटावरचं घड्याळ बघून म्हणे, "शून्य, एक, दोन." घर शांत असलं की बरोबर येई. मायनं मधात काही विचारलं की पुन्हा लाभ.

"चांगल्या गडव्याले भोक पाडलं," तुळसाबाई म्हणाली, "अन् दिवसभर शून्य शून्य करून राह्यली. हे शिकाले सरकार पगार देते तुले?"

चार दिवसांत शून्य जिभेवर बसलं. बसलं ते असं की खळ्यावर पायली मोजतानाही तेच तोंडी आलं.

जगदेव पाटील राशीपाशी उकिडवा बसला. "हे पाय, भागिरथा. पायली भरली, वतली. ज्वारी पडली का नाई रंगूच्या पदरात?"

"पडली."

"मंग थे शून्य कसं?"

भागिरथानं रिकामी पायली राशीवर टेकवली. मग सावकाश म्हणाली, "बरोबर हाये, काका. पदरात पडलं थे एक झालंच. पन तिकडं मी जिन्नस मोजतच नाई. एका थेंबापासून दुसऱ्या थेंबापावतर जाले येळ किती लागते, थे मोजतो. इथून मालेगावले पायी निंघालं, त उंबऱ्यावरचं पाऊल कोनी मैलात धरतं काय?"

"नाई धरत."

"मी धरत होती."

पाटलाला कोणता थेंब, कोणता मैल, काही उमगलं नाही. त्यानं पायलीकडं बोट केलं. भागिरथानं रंगूबाईची ज्वारी राशीत परत ओतली आणि पहिल्यापासून माप धरलं. "लाभ. दोन. तीन."

"शिकली पोरगी, अन् नुकसान माह्यं," रंगूबाई म्हणाली.

उरलेले दिवस भागिरथानं गडव्यापुढं शून्य घोकलं नाही. पहिला थेंब पडला की ती मनात एवढंच म्हणे, आता मी निंघाली, आणि पुढच्या थेंबाला एक. तुळसाबाईनं ताटल्या आपटल्या, शेजारणी येऊन गप्पा मारून गेल्या. आकडा हलला नाही.

दोन जानेवारीला मॅडमनं तिला तीन खाटांची सलाइनं लावायला सांगितली. ती मोजत असताना मॅडम औषधांची नावं विचारत होती, पलीकडं कोणीतरी ट्रे पाडला, फोन वाजला. भागिरथानं तिन्ही आकडे सांगितले. मॅडमनं घड्याळ काढलं आणि प्रत्येक बाटलीखाली पुरं मिनिट उभी राहून स्वतः मोजलं. तिन्ही जुळले.

"कोर्स चालू ठेवा," ती म्हणाली. "तीन नंबरला कुशीवर वळवायची वेळ झाली आहे."

तीन नंबरला मांडीपर्यंत प्लॅस्टरमधला जवान होता. भागिरथानं नर्सिंग असिस्टंट दौलतसिंगला हाक मारली. दोघांनी चादर धरून त्याला वळवलं. मग तिनं त्याच्या पाठीला स्पिरिट चोळलं, पावडर लावली आणि टाचेखालची उशी सरकवून चार नंबरकडं गेली.