फोटोत मागे उठणारा माणूस

बटालियनला खोऱ्यात पोस्टिंग मिळाली, त्याआधी आम्ही पीस स्टेशनवर होतो. तिथे जवानाला तीन कामे: परेड, फटीग म्हणजे साफसफाई-हमाली, आणि स्पोर्ट्स. परेडमध्ये माझा पाय चुकायचा, फटीगमध्ये बादली सांडायची. म्हणून मला कराटेत पाठवले. राळेगाव तालुक्यातल्या माणसाला कराटे म्हणजे कौले फोडणे एवढेच ठाऊक. पहिल्याच दिवशी कोणी न सांगता मी कौलावर हात मारला. कौल शाबूत राहिले. मी पुढचे कित्येक दिवस डाव्या हाताने जेवलो.

शिकवणारे दोघे. सुभेदार साहेब जुन्या पद्धतीचे. ठोसा मारला की मूठ कमरेला परत आणायची आणि नजर समोरच्यावर ठेवायची, तो पडला तरी. जपानीत याला झानशिन म्हणतात. साहेब म्हणायचे, "मारा? अच्छा. अब देखते रहो. नज़र हटी तो लात पड़ेगी." लात खरोखर पडायची. सर्वांत जास्त कोणाला पडल्या, हे सांगायची गरज नाही.

दुसरा मॅचचा कोच, तरुण. त्याचे म्हणणे: पॉइंट मारा, ओरडा, पाठ फिरवा, मूठ वर करा. पंचाला वाटले पाहिजे की काम संपले. नियमाच्या पुस्तकात तेव्हाही लिहिलेले होते की मारल्यानंतर सावधपणा सुटला तर पॉइंट नाही. पण वर गेलेली मूठ पुस्तकापेक्षा आधी दिसते.

कोचचा लाडका होता लान्स नायक प्रेम. उमरखेडकडच्या तांड्यावरचा, माझा बंकमेट. इंटर-कंपनी फायनलला तो आणि मी समोरासमोर आलो. मी फायनलला कसा पोचलो हे मलाही कळले नाही; सेमीफायनलवाल्याला ताप होता. प्रेमने माझा पाय झाडला, मी पडलो, वरून ठोसा. लगेच तो पाठ फिरवून ओरडला, मूठ आभाळात. युनिटच्या फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला.

त्या संध्याकाळी मेसमध्ये मी म्हटले, "तुले मारलं असतं म्या. पाठ करून उभा होता तू."

"मी पाडल्यावर कोणी उठते का बे?"

"मी उठलो होतो."

"तू नाही उठला तं वरण कोण सांडन?" सगळे टेबल हसले. मी हसताना खरोखरच वरण सांडले.

त्या मोसमात प्रेम सगळीकडे जिंकला. मार, वळ, मूठ वर. मार, वळ, मूठ वर. झोपेतही त्याचा हात वर जायचा. मग टीम मोडली आणि आम्ही सगळे खोऱ्यात गेलो.

सफरचंदाची बाग, आत एक शेड. पहाटे बागेभोवती कॉर्डनचा वेढा पडला. सेक्शन पुढे सरकली. प्रेम सर्वांत पुढे, मी त्याच्या डावीकडे, मागे रेडिओवाला. शेडमधून एक जण हत्यारासह धावत बाहेर आला. प्रेमने फायर केला. तो पडला.

प्रेम आमच्याकडे वळला. डावी मूठ वर गेली.

"प्रेम, समोर!"

पडलेल्या माणसाने जमिनीवरूनच बर्स्ट मारला. मी फायर केला. या वेळी तो हलला नाही.

मागून रेडिओवाल्याचा आवाज आला. "चार्ली, एक दुश्मन डाउन. अपना एक हिट. ओवर."

"कौन हिट? ओवर."

रेडिओवाल्याने नाव सांगितले. मी रायफल खाली केली नाही. साहेबांची शिकवण मी सबंध नोकरीत एकदाच बिनचूक पाळली. प्रेम माझ्या उजव्या हाताला होता, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. तो शेवटी काहीतरी बोलला, असे रेडिओवाला सांगतो. मला माहीत नाही. मी समोर पाहत होतो.

हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता पुसदला क्लास चालवतो. फूटवर्क, वेग, मोबाइलवर मॅच पाहून चुका काढणे, सगळे आजचेच शिकवतो. जुने एकच ठेवले आहे. मारले की मूठ कमरेला, नजर समोर, आणि पाठ न दाखवता रेषेवर परत. ज्याची पाठ फिरली त्याचा पॉइंट मी कापतो, मग पंचाने दिलेला का असेना.

परवा एक वडील आले. "सर, बाकीचे पोट्टे जिंकले का मूठ वर करते. आमचा पुतळ्यावानी उभा राह्यते. स्टेटसले फोटो काय टाकाव?"

"हारलेल्याचा टाका," मी म्हटले. "त्याचे डोळे पाहा."

ते पोराला क्लासमधून काढून घेऊन गेले. माझे बोलणेही माझ्या परेडसारखेच आहे.

प्रेमच्या तांड्यावर दरवर्षी कार्यक्रम असतो. फोटो ठरलेला, तोच, मूठ वर गेलेला. पाहुणे मुलांना सांगतात, असे लढा. मी युनिफॉर्मवरची जुनी मेडल्स लावून सॅल्यूट करतो आणि गप्प बसतो, कारण त्याच्या याडीला, म्हणजे आईला, तो फोटो फार आवडतो.

यंदा फ्लेक्स नेहमीपेक्षा मोठा होता. हार प्रेमच्या तोंडावर आला होता. याडी म्हणाली, "हवालदार, सरकव रे थोडा. चेहरा दिसू दे लेकाचा."

मी हार सरकवला. फोटोची इतकी वर्षे झाकलेली कड उघडी पडली. प्रेमच्या पाठीमागे एक जण गुडघ्यावर आला होता. मूठ कमरेला, नजर प्रेमच्या पाठीवर.

याडीने डोळे बारीक केले. "हा कोन व्हय मांगं?"

"हारलेला हाय, याडी."

"मंग उठून काहून राह्यला?"

मी हार परत त्या कडेवर ओढला. प्रेमचा चेहरा मोकळा ठेवला. मग पाय जुळवून सॅल्यूट केला. पाय चुकला नाही.