न फुटलेली नळी

डबा लॅबमध्ये दिला की रिकामा होतो. किस्से मात्र माझ्यापाशीच राहतात. तळेगावच्या एका दवाखान्यातून चिंचवडच्या लॅबला रक्ताच्या नळ्या पोचवायचं माझं काम. शिक्षण चौथी. आजवर एक नळी फोडलेली नाही.

एकदा चौकात पोलिसानं मोटरसायकल अडवली. "आबा, डब्यात काय? मासळी?"

"माणसं हायती!" मी म्हणालो.

त्यानं हातानं वाट करून दिली.

*

सोपान हा खंडाळ्याच्या एका हॉटेलचा ड्रायव्हर. उर्से टोलनाक्यावर लाइनीवरून भांडता भांडताच कोसळला. हृदय बंद! ज्याच्याशी भांडत होता, तोच टोलवाला गुडघ्यावर बसला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहिला. हृदय चालू झालं, पण दोन बरगड्या मोडल्या.

सोपानची बायको मंदा म्हणाली, "मोडू द्या. भांडण ह्यांनीच काढलं असंल!"

*

त्याला आमच्याच दवाखान्यात आणलं. हृदय चाललं, पण माणूस शुद्धीवर येईना. डॉक्टर मॅडमनी मंदाला समजावलं, "मेंदूला मार बसला की त्याच्या पेशींतलं एक द्रव्य रक्तात उतरतं. तिसऱ्या दिवशी ते मोजायचं. मार किती बसलाय, त्याचा अंदाज येतो."

"म्हंजी मेंदूचे मार्क रक्तात दिसत्यात? शाळेत तर कंदीच न्हाई दिसले!"

"यात जास्त मार्क म्हणजे नापास, ताई."



*

तिसऱ्या दिवशी नळी मीच नेली. मोटरसायकलवरून, नेहमीच्या निम्म्या वेळात.

आकडा भलताच मोठा आला. सोपानचा थोरला भाऊ म्हणाला, "आता घरी नेऊ. उगा हाल नकोत."

मंदा म्हणाली, "न्हाई."

मॅडमनी रिपोर्ट पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, नमुना लालसर. त्यांनी लॅबच्या शीतलला फोन लावून माझ्या हातात दिला.

"आबा, नळी कशी आणली?"

"शाबूत आणली!"

"नळी शाबूत हो. आतलं रक्त फुटलंय. तांबड्या पेशींतही तेच द्रव्य असतं. खड्ड्यांत हादरून पेशी फुटल्या, म्हणून आकडा फुगला असेल."

मी जन्मात कुणाची माफी मागितली नाही. मॅडमना म्हणालो, "दुसरी नळी भरा."

*

या वेळी लोकल धरली. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. समोरच्या पोरानं विचारलं, "आबा, अंडी हायत का?"

"अंडी असती तर तुज्याकडं दिला असता डबा!"

स्टेशनवर रिक्षावाले मागं लागले. मधे स्पीडब्रेकर किती, ते मला ठाऊक होतं. चालत गेलो. शीतलनं नळी यंत्रात गरगर फिरवून उजेडात धरली. वरचं पाणी स्वच्छ पिवळं होतं.

आकडा लहान आला.

मॅडम म्हणाल्या, "एकट्या आकड्यावर काही ठरत नाही. बाकीच्या तपासण्याही बघायच्यात. पण आता थांबायचं."

मंदा म्हणाली, "मी कुटं उठले होते?"

*

सहाव्या दिवशी सोपाननं डोळे उघडले. दोन दिवसांनी घशातली श्वासाची नळी काढली. मॅडमनी नाव विचारलं. बोलला नाही. गाव विचारलं. नुसता छताकडं बघत राहिला. थोरला भाऊ बाहेर निघून गेला. माणूस परत आला की नुसते डोळेच उघडले, ते कुणालाच सांगता येईना.

मंदा मात्र त्याला सगळं ऐकवत बसली. टोलवाला, बरगड्या, आकडा. मी दारात दिसलो तशी माझ्याकडं बोट करून म्हणाली, "आन् ह्ये आबा. तुमचं रगत खड्ड्याखड्ड्यांतनं उडवत नेलं ह्यांनी!"

सोपाननं मान वळवली. माझ्याकडं बघितलं. आवाज घोगरा, पण शब्द एकेक सुटा.

"ब्रेक खड्ड्याच्या आदी मारायचा, आबा! खड्ड्यात न्हाई!"