कापलेली माणसं

साळवेकाका कधीच माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. तुम्ही समोर बसलेले असलात तरी त्यांची नजर बाजूच्या टीव्हीवर, तिथे कॅमेऱ्यातून आलेल्या तुमच्या चेहऱ्यावर. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझ्या मागे कुणीतरी उभं आहे. मी वळूनसुद्धा बघितलं. मागे नुसता काळा पडदा होता.

शहरातल्या छावणी भागात एका शिंप्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. दर रविवारी सकाळी अकराला त्यांचा ‘समोरून’ हा कार्यक्रम शहरातल्या केबलवर लागायचा. त्यात ना निवेदक, ना गाणी. पंधरा-वीस वर्षांचं एखादं पोर स्टुलावर बसायचं, समोरच्या टीव्हीत स्वतःचा चेहरा बघायचं आणि त्याच्याशीच दहा मिनिटं बोलायचं. पावडर लावायची नाही आणि नंतर त्यातलं काही कापायचं नाही, एवढेच नियम. एका रविवारी एक तोतरा मुलगा चार मिनिटं गप्प बसला आणि मग त्याने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. गारखेड्यातल्या आमच्या घरात मी भाजी निवडता निवडता थांबले. त्याने नावापलीकडे विशेष काही सांगितलंच नाही, पण दिवसभर मला दुसरं काही सुचेना.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. ओठांच्या डाव्या कोपऱ्यापासून गालापर्यंत कोड. आमच्या शहराचं ऊन मोठं सोयीचं. झाडून सगळ्या मुली डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून स्कूटी चालवतात, त्यात मीही खपून जायचे. फरक एवढाच, की त्या कॉलेजात पोचल्या की स्कार्फ सोडायच्या. मला ते जमेना, म्हणून मी कॉलेजच सोडत चालले होते. त्या तोतऱ्या मुलाला बघितल्यावर मी काकांच्या खोलीचा जिना चढले.

“स्कार्फ काढ म्हननार नाय मी,” काका टीव्हीकडे बघत म्हणाले. “गरम व्हायला लागलं की तूच काढशील.”

आवाज नको म्हणून पंखा बंद होता. मी काढला. टीव्हीत एक मुलगी होती आणि ती मी नव्हते. रोज आरशात डावीकडे दिसणारा डाग तिथे उजवीकडे होता. मी मान कलती केली, तर ती भलत्याच बाजूला कलली.

“भ्यालीस ना? समदी भितात,” काका म्हणाले. “आरशात असती ती उलटी. लोकाला ही दिसती. सतरा वर्सं झाली, तू हिला भेटलीच नाय. इचार तिला, कुठं व्हतीस इतके दिस.”

मी विचारलं. शपथेवर सांगते, तिचे ओठ माझ्या आधी हलले. पुढे मी काय बोलले ते कार्यक्रम लागला तेव्हाच कळलं. मी तिला म्हणत होते, तुला इतकी वर्षं कोंडून ठेवलं, रागावू नकोस. आई त्या रविवारी अकराच्या ठोक्याला शेजारच्यांच्या घरी जाऊन बसली.

सोमवारी मी उघड्या तोंडाने कॉलेजात गेले. काहींनी टक लावून बघितलं, काहींनी न बघितल्यासारखं केलं, आणि चौथ्या तासापर्यंत सगळे आपापल्या उद्योगाला लागले. त्याच आठवड्यात करमाडच्या एका मुलीचा फोन आला. “ताई, माझ्या हातावर हाय. मी आले तर चालंल का?” तिला स्टुलावर बसवायला म्हणून मी गेले आणि पुढची कित्येक वर्षं दर रविवारी जात राहिले.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी काकांनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं आणि एक जुनी कॅसेट लावली. आवाज नव्हता. एक काळीसावळी मुलगी हातात अक्षता घेऊन हसली आणि गेली. मग एक पाठीला कुबड असलेला माणूस. मग एक आंधळी म्हातारी. प्रत्येक जण चार-पाच सेकंद, आणि प्रत्येकाच्या मागे मांडवाच्या झालरी.

“कुणाचं लग्न हे?”

“कुनाचंच नाय. लग्नातून काढलेली मान्सं ही. वीस वर्सं लग्नाचं शूटिंग केलं मी. मिक्सिंगला, म्हंजी कॅसेटची कापाकापी करताना, घरचे माझ्या बाजूला बसायचे अन् बोट दाखवायचे. हिला काढा, त्याला काढा, उद्या स्थळवाले कॅसेट बघतील. मी जी म्हनायचो अन् कापायचो. फेकवलं मात्र नाय. कापलेला मानूस कुठंच जात नाय पोरी. इथंच बसून ऱ्हातो.”

कॅसेट चालूच होती. पिस्ता रंगाच्या फ्रॉकमधली सहा वर्षांची एक मुलगी वाजंत्र्यांपुढे दोन्ही हात वर करून नाचत होती. ओठाच्या कोपऱ्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका. मावशीच्या लग्नाची कॅसेट मी लहानपणी पाठ होईस्तोवर बघितली होती. त्यात मी कुठेच नव्हते. तू त्या दिवशी झोपली होतीस, असं आई सांगायची.

“बोट कुणी दाखवलं?”

“नको इचारू.”

“काका, कुणी?”

“तुझी आई. धाकल्या मावशीचं जमायचं व्हतं म्हने. लई रडत व्हती बोट दाखवताना. पर कापलं मीच. तू जिना चढून आलीस त्याच दिवशी तुला वळखलं मी.”

मला त्या माणसाची भीती वाटली आणि माया वाटली. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पुढचे दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले.

त्यानंतर वर्षभरात काका गेले. आजारपणात त्यांनी एकच काम सांगितलं होतं. “कपाट जाळू नको. जमतील तेवढ्यांना आपापल्या घरी नेऊन सोड.”

सुरुवात माझ्याच घरापासून करायची होती. भर दुपारी मी काकांचा जुना प्लेअर टीव्हीला जोडला आणि आईला समोर बसवलं. फ्रॉकमधली मुलगी आली. नाचली. आईने पदराने चष्मा पुसला आणि पुढे वाकली.

“कुणाची गं ही पोर?” ती म्हणाली. “किती आनंदात नाचतेय.”

तिला खरंच ओळखू आलं नाही, की मी सांगावं म्हणून तिने विचारलं, ते मला आजही ठरवता येत नाही.

“तुझी,” मी म्हणाले.

आई पडद्याकडेच बघत राहिली. मग हळूच सरकून तिने आपल्या शेजारी जागा केली आणि म्हणाली, “पुन्हा लाव.”