जुनैदभाईंचा डावा पाय आणि आईचा काटा

आधी क्षमा मागतो. मी अजून शिकतोय. मेकॅनिकल डिग्रीचं तिसरं वर्ष चालू आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आठवड्यातले तीन दिवस पेणला दिनेशदादांच्या गॅरेजमध्ये काम करतो. कामाबद्दल लिहावं ते मुरलेल्या माणसांनी, माझी जेमतेम दोन वर्षं झालीत. पण या कामात चूक माझी झाली आणि एका माणसाने ती स्वतःच्या पायावर घेतली. ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं. जास्त बोललो तर समजून घ्या.

जुनैदभाई रोह्याहून टेम्पोत गाडी घालून आले, तेव्हा दादा डबा उघडून बसले होते. गाडी म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवरची मोटरसायकल. ना हेडलाइट, ना आरसे, ना नंबरप्लेट. अशा गाड्या रस्त्यावर चालवत नाहीत. जुनैदभाई बारा वर्षं आखातात होते, तिथे सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर गाडी चालवायचे. तिथेच पडले. डाव्या गुडघ्याखालची नस दुखावली. पाय खाली दाबता येतो, पण पुढचा पंजा वर उचलायला जोर लागत नाही. चालताना बूट किंचित घासतो.

"दादा, पुढच्या महिन्यात तमिळनाडूत ट्रॅकवर जायचंय," ते म्हणाले. "ही शेवटची ट्रायल. पाय जमला तर गाडी ठेवतो. नाय जमला तर विकतो आणि पुन्हा नाव काढत नाय. बायकोला, रुबिनाला तसा शब्द दिलाय."

दादांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे बोट केलं. "हे वायरी-कम्प्युटरचं काम सागरचं. मला पाना द्या, मी काय पण खोलतो. लॅपटॉप दिला की माझं डोकं दुखतं."

जुनैदभाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय इंजिनिअर, जमंल?"

"बघतो," मी म्हणालो. मी नेहमी हेच म्हणतो.

त्यांना क्विकशिफ्टर बसवायचा होता. तो काय असतो ते सांगतो. गिअर बदलताना आपण अॅक्सिलरेटर सोडतो, क्लच दाबतो, पायाने गिअर टाकतो, क्लच सोडतो. क्लच दाबल्यामुळे गिअरवरचा इंजिनचा ताण सुटतो आणि पुढचा गिअर बसतो. क्विकशिफ्टर हा ताण दुसऱ्या तऱ्हेने सोडतो. गिअरच्या लिव्हरला जोडलेल्या दांडीवर एक सेन्सर असतो. पायाचा जोर आला की तो इंजिनची ठिणगी क्षणभर बंद करतो, पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. तेवढ्यात गिअर बसतो. क्लच नाही, अॅक्सिलरेटरही तसाच पिळलेला. जुनैदभाईंचा पाय मागे पडायचा, हात पुढे जायचा, दोघांचा मेळ बसायचा नाही. क्विकशिफ्टर असला की हाताला काम उरत नाही आणि गिअर हलका पडतो.

निवडताना आमचं थोडं वाजलं. मी म्हणालो, "गिअर उलटे करू. म्हणजे वरचे गिअर पाय खाली दाबून पडतील. पंजा उचलायलाच नको."

"आणि ब्रेक मारताना खालचे गिअर घ्यायचे ते?"

त्यांचं बरोबर होतं. उलटे केले तर खालचे गिअर पंजा उचलून घ्यावे लागणार होते, तेही वळणाच्या तोंडावर.

"ब्रेकच्या वेळेला मला पायाची खात्री पायजे," ते म्हणाले. "सरळ रस्त्याला चुकला तर चुकला. गिअर हाय तसेच राहू दे."

मग सेन्सर. एक प्रकार साधा, आत स्प्रिंग आणि बटण. तो किती जोराला दबणार ते कारखान्यातच ठरलेलं. दुसऱ्यात बटण नसतं, दांडीला पडणारा ताण मोजला जातो आणि किती ताणाला चालू व्हायचं ते लॅपटॉपवर ठरवता येतं. त्यांच्या पायाला दुसराच हवा होता. तेवढं मी बरोबर केलं.

बसवायला एक दिवस गेला. मूळ दांडी काढली, सेन्सरच्या लांबीइतकी आखूड दांडी लावली, इग्निशन कॉइलच्या, म्हणजे ठिणगीच्या वायरला जोड दिला. गाडी स्टँडवर घेऊन चालू केली. पाय कमजोर आहे म्हणून सेन्सर अगदी हलका ठेवला. बाजूला बसून पायाने गिअर टाकत गेलो. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत लोण्यासारखे पडले. दादासुद्धा उठून आले. "सागऱ्या, हे तर भारी झालं रे."

ट्रायलला कोलाडच्या पुढे एका ओळखीच्या गोडाऊनचं आवार मिळालं. लांब, सरळ, सिमेंटचं. जुनैदभाई सूट, हेल्मेट, बूट, सगळं चढवून आले. पहिली फेरी सावकाश झाली. दुसरीला त्यांनी गाडी पिळली आणि मध्येच इंजिनने उचकी घेतली. गिअर टाकायच्या आधीच. पुढचं चाक खाली दबलं, ते टाकीवर आपटले. सावरले. पुन्हा पिळली, पुन्हा उचकी. तिसऱ्यांदा गाडी वाकडी झाली.

ते हळूहळू परत आले. हेल्मेट काढलं. चिडलेले नव्हते, ते मला जास्त लागलं.

"तुझं काम चोख हाय," ते म्हणाले. "माझाच पाय थरथरतो. त्या सेन्सरला वाटतं मी गिअर टाकतोय." मग पायाकडे बघून हसले. "चल, आता कळलं तरी. दादांना सांग, गिऱ्हाईक बघा गाडीला."

दादा माझ्याशेजारीच उभे होते. माझी नजर जुनैदभाईंच्या बुटावर होती. ट्रॅकचा बूट, पुढे जाड कडक टोक. ते टोक गिअरच्या लिव्हरखाली गच्च बसलेलं. मग मी माझ्या पायाकडे बघितलं. निळ्या पट्ट्याची चप्पल.

आमच्या गॅरेजमध्ये सगळे चपलेवरच असतात. खाडीकडच्या गावात वाढलेल्याला बूट सोसत नाहीत. दादा मोठमोठ्या गाड्यांची ट्रायल चपलेवर घेतात. त्या दिवशी मी चपलेतल्या, चांगल्या, हलक्या पायाने सेन्सर लावला होता. जाड बूट नुसता लिव्हरखाली टेकला, गाडी थरथरली, की सेन्सर चालू होत होता. पाय निर्दोष होता.

जुनैदभाई हातमोजे काढून गाडीवर ठेवत होते.

"भाई, पाय नाही," मी म्हणालो. "चप्पल."

"काय?"

"मी चपलेवर सेटिंग केलं. तुम्ही बूट घालता. बूट टेकला की ठिणगी बंद होते. चूक माझी आहे. तुम्ही पडला असता."

दादा खाली बघत म्हणाले, "चपलेची सवय मीच लावली त्याला."

जुनैदभाईंनी एकदा माझ्या चपलेकडे बघितलं, एकदा दादांच्या. "म्हणजे दोन मिस्तरी आणि चारी पाय उघडे," ते म्हणाले. मग हातमोजे परत उचलले. "परवा येतो. बूट घेऊनच येतो."

आता अंदाजाने काही करायचं नव्हतं. पाय किती जोर लावतो ते मोजायला हवं होतं. आमच्याकडे तसलं यंत्र नाही. पण घरी आईचा काटा आहे. आई आमच्या कासूहून रेल्वे पकडून रोह्याला मासळी विकायला जाते. तिचा काटा हातात धरायचा, वर कडी, खाली आकडा, मधे स्प्रिंग.

"काटा कशाला?" आईने विचारलं.

"एकाचा पाय मोजायचाय."

"पाय? अरं बाबा, माझ्या काट्यावर मासळी मोजतात!" असं म्हणून तिने तो दोनदा धुतला. "संध्याकाळी माघारी पायजे."

गाडी स्टँडवर घेतली. जुनैदभाई बूट घालून वर बसले. बुटाच्या टोकाला पट्टा बांधून त्यात काट्याचा आकडा अडकवला आणि काट्याची कडी खाली स्टँडला बांधली. काट्याचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. आई तसंच करते, काटा आधी गिऱ्हाईकाला दाखवते, मग स्वतः बघते.

"उचला," मी म्हणालो.

सुई सरकली. अडीच किलोच्या जरा पुढे थांबली. जुनैदभाईंनी वाकून बघितलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल.

"अडीच किलो," ते म्हणाले. "एवढा तर खाडीतला जिताडा मासा असतो. बरा जिताडा."

मग मी त्यांना साठ वेळा पाय उचलायला लावला, कारण ट्रॅकवर पाय दमणार. दादा मोठ्याने मोजत होते. शेवटी सुई दोनवर आली आणि तिथेच टिकली. मग तोच काटा लिव्हरला अडकवून वर ओढला आणि त्या ओढीला लॅपटॉपवर काय आकडा येतो ते टिपलं. नुसता बूट टेकला की एक किलोच्या आसपास ताण पडत होता. लिव्हर तिच्या दातेरी खुंटीवर एक दाता वर बसवली, बुटाला जागा झाली आणि ताण निम्मा झाला. सेन्सर दीड किलोला लावला. टेकलेल्या बुटापेक्षा पुष्कळ जास्त, दमलेल्या पायापेक्षा कमी. गोडाऊनच्या आवारात पुन्हा ट्रायल झाली. उचकी नाही.

पण ट्रॅक म्हणजे गोडाऊनचं आवार नव्हे. जुनैदभाई तमिळनाडूला गेले आणि माझी झोप उडाली. ट्रायलचा दिवस गेला. फोन केला, बंद. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी कॉलेजात लेक्चर चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे तीच वाकडी होणारी गाडी. दादा म्हणाले, "वाईट बातमी लगेच येते." पण तेही दर तासाला फोन बघत होते.

या कामातून मी शिकलो ते एवढंच की पार्ट गाडीला बसवायचा नसतो, माणसाला बसवायचा असतो, आणि माणसाने पायात काय घातलंय ते आधी बघायचं असतं. गॅरेजमध्ये आता बुटांचा एक जोड ठेवला आहे. ट्रायलच्या वेळी दादाही तो घालतात, शिव्या देत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आई रोह्याहून आली. टोपली ठेवली, काटा खुंटीला लावला, हातपाय धुतले, चहा मांडला. मग सहज म्हणाली, "तुज्या त्या भाईची रुबिना आली होती मासळीला. त्याचा फोन पडून फुटलाय, म्हणून मित्राच्या फोनवरनं बोलला तिला. तुला निरोप दिलाय."

"काय?"

"काय तरी इंग्लिश बोलत होती, मला नाय कळलं. एवढं कळलं, गाडी विकत नाय तो." आईने गाळणं शोधलं, चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला. "आन् बोलला, सागरला सांग, पुरा दिवस गाडी चालवली, पण पाय आठवलाच नाय."